चेन्नईत हीटर कशाला?

आमच्या गाडीचा हीटर मधूनच चालतो आणि मधूनच गार पडतो, हे वाक्य मी गेल्या पावसाळ्यात चेन्नईतल्या निदान वीस माणसांना सांगितलं. वीसच्या वीस हसली. काही तोंडावर हसली, काहींनी मान वळवून हसण्याची सभ्यता दाखवली, आणि एकाने तर आतल्या दोघांना हाक मारून बाहेर बोलावलं, त्यांचीही करमणूक व्हावी म्हणून. "चेन्नईत हीटर कशाला, मॅडम?" हा प्रश्न मला तमिळमध्ये, इंग्रजीत आणि आमच्या घरच्या मराठीत विचारून झाला आहे. मला त्या प्रश्नाचा इतका राग आहे की कुणी नुसतं 'हीटर' म्हटलं तरी माझे कान तापतात.

मी मूळची साताऱ्याची. नोकरीसाठी चेन्नईजवळच्या ओरगडमला आले, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात लागले, आणि लग्न इथल्याच एका तंजावरी मराठी घरात झालं. नवरा जहाजावर अधिकारी आहे, सहा-सहा महिने समुद्रावर असतो. चेन्नईच्या आवडी नावाच्या उपनगरातल्या घरात मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामंजी म्हणते, कारण या घरात तसंच म्हणतात. मामंजींनी तीसेक वर्षं आवडीच्या संरक्षण कारखान्यात अवजड गाड्यांची इंजिनं जुळवली. माणूस कमी बोलणारा, पण इंजिनाचा आवाज ऐकून त्याची तब्येत सांगणारा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गालात कळ यायला लागली आणि ते जवळजवळ बोलायचेच थांबले.

ते दातांचं दुखणं नव्हतं, जरी दातवाल्याने त्यांचे दोन चांगले दात काढून ठेवले होते. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं होतं. गालावरून वारा गेला, दाढीचं पातं लागलं, घास जरा मोठा झाला, एखादा शब्द जोरात बोलला गेला, की त्या बाजूने वीज जावी तशी कळ जायची. धिप्पाड माणूस, पण कळ आली की खुर्चीचा हात धरून डोळे मिटून बसायचा आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहायचं. मफलर गुंडाळावा म्हटलं तर कापडाचा नुसता स्पर्श झाला तरी कळ. उकडून जीव गेला तरी त्यांच्या खोलीत पंखा लागायचा नाही. चेन्नईत, पंखा नाही. यावरून काय ते समजा.

त्यामुळे आमच्या घरात एक नियम झाला होता. मामंजींना उत्तर द्यावं लागेल असा प्रश्न विचारायचा नाही. 'जेवलात का' हेसुद्धा नाही. आपण बघायचं आणि समजून घ्यायचं. त्यांना काही हवं असलं तर ते भिंतीवरच्या तमिळ कॅलेंडरच्या फाडलेल्या तारखांच्या मागे लिहायचे. लिहायचे मराठी, पण तमिळ अक्षरांत, कारण त्यांच्या पिढीला शाळेत तीच अक्षरं मिळाली. मी बोट ठेवून ठेवून वाचायची. या नियमाचा मला तेव्हा फार अभिमान होता. किती समजूतदार सून!

पोरूरच्या पलीकडच्या एका इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नसेवर छोटी शस्त्रक्रिया करता येईल, पण आधीच्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरलंय, ते वर यायला हवं. तोवर एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी तपासायला आणा. एकही खेप चुकवू नका. मी त्या दिवशीची रजा टाकायची आणि गाडी काढायची.

आता कुणी विचारेल, टॅक्सी का नाही? पाऊस पडायला लागला की बंद काचांच्या गाडीत आपल्याच श्वासाची वाफ समोरच्या काचेवर धरते आणि पाच मिनिटांत रस्ता दिसेनासा होतो. चेन्नईतला प्रत्येक ड्रायव्हर त्यावर एकच उपाय जाणतो: एसी. एसीचा गार झोत काचेवरून परतून आला की मामंजींचा गाल संपला. काच उघडली तर वारा. रिक्षा म्हणजे सगळा वाराच. लोकलच्या दारा-खिडक्यांतूनही तेच. एकच मार्ग उरत होता, काचा बंद आणि समोरच्या काचेवर गरम, कोरडी हवा; ऊब त्यांच्या गालाला सोसायची. ती सोय आमच्या आठ वर्षांच्या जुन्या गाडीत होती. लाल खूण असलेलं एक बटण होतं, ज्याला इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता.

ऑक्टोबर संपताना, इथला पावसाळा सुरू झाला तसं, पहिल्यांदा लावलं. अंबत्तूरच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि झरोक्यातून छान ऊबदार हवा येत होती. काच दोन्ही बाजूंनी उजळत आली. मामंजींनी सीटवर डोकं टेकलं. मला वाटलं, जिंकलो. मग गर्दी संपली, आम्ही बायपासला लागलो, मी वेग घेतला, आणि दहा मिनिटांत ती हवा कोमट झाली, मग नुसतीच ओली झाली. काच खालून पांढरी व्हायला लागली. मी एका हाताने फडक्याने पुसत होते, एका हाताने गाडी धरून होते. उजवीकडून एक लॉरी गेली ती मला दिसलीच नाही, फक्त ऐकू आली. समोर दुचाकीवर एक माणूस होता, त्याच्या मागे बाई, बाईच्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. तो मला दिसला तेव्हा आमच्यात दोन हातांचं अंतर होतं.

मी घाबरून एसी लावला. अर्धं मिनिट. काच स्वच्छ झाली आणि शेजारून असा आवाज आला की मी ब्रेकच दाबला. गाडी कडेला घेतली. मामंजी दोन्ही हात हवेत धरून बसले होते, गालाला लावताही येत नाहीत म्हणून. मागचे लोक हॉर्न मारत होते. मी खाली उतरून पावसात उभी राहून त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या साताऱ्याच्या होत्या, त्यामुळे कुणाला कळल्या नाहीत. पण सूर कळला असावा, हॉर्न थांबले.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. त्या संध्याकाळी टेबलावर कॅलेंडरचा कागद होता: 'मी आता गाडीत बसत नाही. वेंडाम.' नको. मी तो कागद चुरगाळून टाकला आणि तशीच गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. आता प्रश्न गाडीचा राहिला नव्हता. मामंजी खेपा चुकवणार, सोडियम कळणार नाही, शस्त्रक्रिया लांबणार, आणि तो माणूस रोज भिजवलेल्या भातावर जगणार.

सर्व्हिस सेंटरच्या टेबलामागच्या तरुणाने मला आधी पाणी दिलं, मग सरांचा फोन नंबर मागितला. "कुठले सर?" "तुमचे, मॅडम. प्रॉब्लेम काय आहे ते समजून घ्यायला." मी म्हटलं, सर मोझांबिकजवळ कुठेतरी समुद्रात आहेत आणि त्यांना गाडीतलं माझ्या निम्मंही कळत नाही. तो हसला. हीटर म्हटल्यावर अजून हसला. त्यांनी गाडी आत घेतली, तासभर चालू ठेवून उभी केली, झरोक्याला हात लावून बघितला आणि कागद दिला: तक्रार आढळली नाही. मी म्हटलं, उभ्या गाडीत आढळणारच नाही, ती पळताना बिघडते, बायपासला न्या. तो म्हणाला, "मॅडम, पाऊस आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पावसातच लागतो तो, बाबा!

मग आमचा नेहमीचा मेकॅनिक. रेल्वे फाटकाजवळ त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. पन्नाशीचा, हाताने चांगला, तोंडाने जरा जास्तच चांगला. मी त्याला अण्णा म्हणते. त्याने हसून घेतलं, पण काम केलं. हीटरच्या नळ्या सोडून पाण्याने धुतल्या. गरम-गारची वायर ताणली. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात हवा अडकली असेल म्हणून इंजिन रेस करून बुडबुडे काढले. प्रत्येक वेळी गॅरेजच्या दारात हवा मस्त गरम. "बघा मॅडम, हात भाजतोय." आणि प्रत्येक वेळी बायपासला गार. मी एकटीच गाडी घेऊन पावसात जायचे, काच पांढरी होईपर्यंत पळवायचे आणि परत येऊन त्याच्यासमोर उभी राहायचे. चौथ्यांदा तो म्हणाला, "मॅडम, एसी लावा ना." मी तिथून निघून आले, नाहीतर त्याचाच पाना उचलला असता.

नवऱ्यालाही फोनवर सांगितलं. तोही म्हणाला, एसी लाव, अप्पांच्या, म्हणजे मामंजींच्या, बाजूचे झरोके बंद कर. काचेवर आपटून येणारी हवा झरोका विचारून येते का? मी फोन ठेवला. समुद्रावरच्या माणसाशी भांडण लांबवण्यात अर्थ नसतो, आवाज तुटतो आणि आपलंच वाक्य अर्धवट राहतं.

तिसऱ्या मंगळवारी मामंजींना मी जवळजवळ हात धरून गाडीत बसवलं. एसी लावणार नाही अशी शपथ घेतली. पाऊस होताच. बायपासवर काच धरली तसा मी वेग पंचवीसवर आणला, चारही दिवे लुकलुकत ठेवले आणि कडेकडेने गेले. अख्खं शहर आमच्यावर हॉर्न मारत होतं. मामंजी रस्त्याकडे बघतच नव्हते. माझ्या बाजूला मान कलती ठेवून समोरच्या काट्यांकडे बघत होते. मला वाटलं, वेग बघताहेत. बिचारे भ्यालेत.

त्याच रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात मी तेच केलं जे पगार घेऊन रोज करते. कागदावर दोन रकाने आखले. कधी होतं, कधी होत नाही. अंबत्तूरची गर्दी: गरम. टोलची रांग: गरम. गॅरेजच्या दारात: गरम. बायपास: गार. एकटी ओरगडमला जाते तेव्हा बाहेरच्या रिंग रोडवर: गार. गाडी थांबली की तापते, पळाली की निवते. एवढं लिहून झालं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. कारखान्यातल्या नवशिक्या पोरीनेही सांगितलं असतं. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन तापेपर्यंत ती पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, तापलं की उघडते. ती झडप उघडीच राहिली तर पळत्या गाडीला पावसाचा वारा लागून पाणी गारच राहणार, आणि हीटरला ऊब कुठून मिळणार? येताना मी तापमानाची सुई बघितली. रिंग रोडवर ती तळाशी झोपलेली होती. इतके दिवस मी तिच्याकडे बघितलं नव्हतं, कारण चेन्नईत आपण सुई वर चढते का एवढंच बघतो. खाली असली की आपल्याला बरंच वाटतं.

रविवारी सकाळी नवा थर्मोस्टॅट विकत घेऊन मी गॅरेजमध्ये जाऊन बसले. "अण्णा, हा उघडा अडकलाय. बदला." त्याने पाणी काढलं, नळी सोडली, दोन बोल्ट काढून झाकण उचललं. मी वाकून बघितलं. आत अडकलेला थर्मोस्टॅट नव्हता. आत थर्मोस्टॅटच नव्हता. नुसतं स्वच्छ, गोल भोक.

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं मी इथे लिहिणार नाही. इंजिनातला एक भाग काढून टाकायचा आणि गिऱ्हाईक चार वेळा येऊन विचारतंय तरी मूग गिळून बसायचं? नळ्या काय धुतल्या, बुडबुडे काय काढले! अण्णा शांतपणे हात पुसत होता. "मॅडम, इथे सगळ्यांचाच काढतात. चेन्नईला कशाला पाहिजे तो? उन्हाळ्यात अडकला तर इंजिन जातं. आम्ही काढतो म्हणजे दुरुस्तीच करतो." खरंच त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. गोळीच्या पाकिटाचा कागद काढून टाकावा, तसं.

"पण मला न विचारता?"

"तुम्हाला कशाला विचारणार? तुमचे मामाच घेऊन आले होते गाडी." त्याने दाराजवळच्या स्टुलाकडे बोट केलं. "इथे बसले होते. दोन वर्षं झाली, मे महिना. मी म्हटलं, तुम्ही कारखान्यातले, तुमच्या नियमात तो काढू नये ना? ते म्हणाले, काढ. काढून दाखवल्याशिवाय उठले नाहीत."

मी त्या स्टुलावरच बसले.

दोन वर्षांपूर्वीचा मे मला चांगला आठवत होता. ओरगडमहून परतताना रिंग रोडवर गाडीतून वाफ आली. दुपारचे तीन वाजले होते, आजूबाजूला एक झाड नाही. मी दोन तास त्या उन्हात उभी होते. एक गाडी मुद्दाम हळू झाली, आतले दोघं काहीतरी बोलले, पुढे जाऊन थांबले, आणि मी गाडीत शिरून काचा लावून, उकडत बसले ते जाईपर्यंत. तिथूनच घरी फोन केला होता. मामंजींनी उचलला, तेव्हा ते बोलायचे. मी रडले. या गाडीत मी पुन्हा बसणार नाही, असं काहीतरी म्हणाले. नंतर नवऱ्याने सुट्टीत रेडिएटरचा जळलेला पंखा बदलून घेतला आणि माझ्या दृष्टीने तो विषय संपला. मी रडले होते हे मी विसरूनही गेले. मामंजींच्या दृष्टीने संपला नव्हता.

कारखान्यात कुठलाही बिघाड आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटचा बदल काय केला, आणि कोणी केला? हीटरचं रडगाणं मी सर्व्हिस सेंटरला सांगितलं, अण्णाला सांगितलं, समुद्रातल्या नवऱ्याला सांगितलं. ज्या माणसाने उभा जन्म इंजिनात घालवला, जो रोज माझ्यासमोर बसून भिजवलेला भात खात होता, त्याला विचारला नाही. का? तर त्यांना प्रश्न विचारायचा नाही असा माझा समजूतदार नियम.

नवा थर्मोस्टॅट बसवून मी घरी आले तेव्हा राग जराही उतरला नव्हता. मामंजी दहीभात कालवत होते. मी चपलाही काढल्या नाहीत. नियम मोडला. सरळ विचारलं, "थर्मोस्टॅट तुम्ही काढायला लावलात?"

त्यांनी चमचा ठेवला. मान हलवली.

"हीटर गार पडतो तो त्यामुळे, हे तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी कागद ओढला. मी बोट ठेवून वाचलं: 'तिसरे मंगळवारी. सुई पाहिली.'

म्हणजे त्या दिवशी ते वेग बघत नव्हते. "मग सांगितलं का नाही? मी दारोदार हिंडतेय, लोक तोंडावर हसताहेत, तुम्ही कळा सोसताय, आणि एक ओळ लिहिता आली नाही? रोज पेज पातळ कर म्हणून लिहिता ना!"

त्यांनी पुन्हा पेन उचललं, मग ठेवलं आणि बोलले. कित्येक आठवड्यांत मी त्यांचा आवाज असा सलग ऐकला नव्हता. "अगे, तुजला सांगितलों असतों तर तू तो परत घातली असतीस." इथे कळ आली. ते थांबले, डोळे मिटले, टेबल धरलं. मी थांबवायला हात पुढे केला तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. "मे महिना परत येतो की नाही? तेव्हा मी गाडीत असीन का? तू एकटी असशील."

मी त्यांच्यावर ओरडले. कळ आलेल्या माणसावर ओरडू नये एवढं मलाही कळतं, तरी ओरडले. म्हटलं, माझ्या भल्याचं ठरवताना मला कुणी विचारलं का? सर्व्हिस सेंटरवाला माझ्या नवऱ्याचा नंबर मागतो, तुम्ही गाडीतला भाग काढून टाकता, तो अण्णा तुम्ही सांगितलं म्हणून मला सांगत नाही. गाडी माझी, चालवते मी, महिनाभर काच पुसली मी. बंद पडली होती ती पंखा जळला होता म्हणून, थर्मोस्टॅटचा काय संबंध? उगाच काढलात. हे शेवटचं ऐकून त्यांचा चेहरा पडला. सुनेला राग आला याचं त्यांना इतकं लागलं नसावं, पण आपलं निदान चुकलं हे त्या वर्कशॉपच्या माणसाला लागलं. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पुढच्या खेपेच्या मंगळवारी ते कुरकुर न करता गाडीत बसले. पाऊस धो धो होता. अंबत्तूरला हवा गरम झाली, बायपासला लागलो, वेग घेतला, आणि हवा गरमच राहिली. काच कोपऱ्यापर्यंत लख्ख. पुढच्या लॉरीच्या मागे लिहिलेली तमिळ अक्षरंसुद्धा मी न अडखळता वाचली. महिन्याभरात पहिल्यांदा माझे खांदे खाली आले.

पण थोड्याच वेळात उकडायला लागलं. चेन्नईची हवा, बंद काचा आणि पुरा हीटर. माझा कुडता पाठीला चिकटला. मामंजींच्या कपाळावरून घाम गालावर उतरत होता, त्याच गालावर, आणि घामाच्या थेंबानेही त्यांना कळ येते हे मला ठाऊक होतं. काच स्वच्छ होती, आता निम्म्या ऊबेवरही भागलं असतं. मी बटण कमी करायला हात पुढे केला. मामंजींनी माझा हात बाजूला सारला.

मला वाटलं, ऊब बरी वाटतेय त्यांना. पुन्हा जरा वेळाने हात नेला. पुन्हा सारला. तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. ते सुईकडे बघत होते. सुई मधोमध उभी होती, जिथे असायला हवी बरोबर तिथे. आणि मग मला कळलं. हीटर पुरा सोडला की इंजिनाची उष्णता गाडीच्या आत येते आणि इंजिन निवतं, हे वर्कशॉपमधल्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. ते माझं इंजिन गार ठेवत होते. पावसात, स्वतःचा गाल घामात भिजवून.

मी पुढच्या रुंद जागी गाडी कडेला घेतली, बटण स्वतःच्या हाताने निम्म्यावर आणलं आणि म्हटलं, "मामंजी, गाडी तापली तर मी बघून घेईन. मला सगळं येतं. रडायलाही येतं आणि टो करायला माणूस बोलवायलाही येतं. तुम्ही फक्त तुमचा गाल सांभाळा. एवढं एक काम करा माझ्यासाठी!" आवाज इतका चढला होता की शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्याने वळून बघितलं.

त्यांना हसू आलं. या दुखण्यात हसणं सगळ्यांत वाईट, ते त्यांनाही ठाऊक होतं. तोंड मिटून दाबायला गेले, दाबलं गेलं नाही, आणि कळ आली. त्यांनी डोळे मिटून दार धरलं. गालावरून पाणी वाहत होतं आणि ओठ अजून हसतच होते. मी बोलायचं थांबले. हात लावता येत नव्हता, पंखा घालता येत नव्हता, काही विचारता येत नव्हतं. कळ ओसरेपर्यंत मी त्यांच्या शेजारी गप्प बसून राहिले, आणि मग गाडी इस्पितळाकडे काढली.